व्हॅक्यूम सस्पेन्शनचा, म्हणजे आतली हवा ओढून घेऊन अंगाला धरून ठेवला जाणारा, कृत्रिम पाय दुपारपर्यंत सैल पडतो. पंप कसा तपासावा आणि जुळवावा?

तुमच्या वडिलांचा कृत्रिम पाय गुडघ्याखालचा आहे, पंप यांत्रिक आहे, आणि सकाळी घट्ट बसलेले सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कडक साचा) दुपारी जेवून उठल्यावर सैल लागते, म्हणून पंपाची ओढ वाढवावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणारा तज्ज्ञ, म्हणून असे पाय बसवतो आणि माझे मत असे आहे की पंपाला सर्वांत शेवटी हात लावावा.

हा पंप प्रत्येक पावलाला शरीराच्या भाराने दाबला जातो आणि पाऊल उचलल्यावर पूर्ववत होताना लायनर (थेट त्वचेवर चढवायचे मऊ आवरण) व सॉकेट यांच्यामधली हवा ओढून घेतो. त्यामुळे वडील चालत असतात तोवर बारीक गळती झाकली जाते; ते जेवायला बसले की ती उघडी पडते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्धा तास चालल्यावर पंप नसलेल्या साध्या सक्शन सॉकेटमध्ये स्टंपचे, म्हणजे कापल्यानंतर उरलेल्या पायाचे, आकारमान सरासरी 6.5 टक्क्यांनी घटले, तर सुमारे 78 किलोपास्कल, म्हणजे 23 इंच पारा, एवढ्या व्हॅक्यूमखाली ते 3.7 टक्क्यांनी वाढले. म्हणून पाय दुपारी सैल होत असेल तर व्हॅक्यूम टिकत नाही, हा पहिला संशय घ्यावा.

तपासणीसाठी पंप आणि सॉकेट यांच्यामधल्या नळीत टी-जोड घालून व्हॅक्यूम गेज लावून घ्या. वडिलांना थोडे चालवा. काटा साधारण 15 ते 25 इंचांच्या दरम्यान पोहोचला की त्यांना खुर्चीवर बसवा आणि काट्याकडे पाहत राहा. काटा किती वर गेला यापेक्षा तो किती वेगाने उतरतो, हे अधिक बोलके असते. (महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी वातावरणाचाच दाब कमी असल्याने काटा थोडा खाली थांबतो, तो बिघाड नव्हे.) काटा उतरू लागला, तर पुन्हा चालवून व्हॅक्यूम भरा आणि गेज व सॉकेट यांच्यामधली नळी चिमट्याने बंद करा. तरीही तो उतरत राहिला, तर दोष पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा नळीच्या जोडांत आहे. स्थिर राहिला, तर पंप निर्दोष असून गळती सॉकेट किंवा स्लीव्हकडे (सॉकेटची वरची कड मांडीशी हवाबंद करणारी लवचीक बाही) आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी स्लीव्हपाशीच संपतात. सॉकेटच्या वरच्या कडेवर, गुडघा वाकताना जिथे घासते नेमके तिथे, टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते. सायकलच्या पंक्चरसारखे साबणाचे पाणी लावून ते सापडत नाही, कारण हवा बाहेर येत नसून आत जात असते. त्याऐवजी स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म संशयित जागेवर घट्ट गुंडाळा; काटा थांबला, तर भोक तिच्याखालीच आहे. लायनरवर चढवलेल्या पातळ मोज्याची कड स्लीव्हच्या सीलखाली शिरली असेल, तर कापडाच्या धाग्यांतूनही हवा आत येते. नळीतला फिल्टर घामाने ओला झाला असेल, तर पंप चांगला असूनही ओढ मंदावते.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच जुळवणीकडे वळावे. पंपातली लवचीक कडी वापरणाऱ्याच्या वजनानुसार ठरवतात. ती फार कडक असेल, तर पंप पुरेसा दाबला जात नाही, आणि फार मऊ असेल, तर दाबलेला पंप नीट परत उघडत नाही. वडिलांचे वजन पाय बसवल्यानंतर बरेच बदलले असेल, तर कडी पुन्हा ठरवावी लागेल. हे काम मात्र तुमच्या प्रोस्थेटिस्टकडूनच करून घ्यावे. त्यांना सॉकेटच्या तळाशी मऊ मातीची छोटी गोळी ठेवून वडिलांना उभे करायलाही सांगा. गोळी चपटी झाली नाही, तर तळाशी पोकळी आहे, आणि त्या पोकळीत व्हॅक्यूम वाढवल्यास स्टंपच्या टोकाची त्वचा ओढली जाऊन सुजते. टोक लाल-जांभळे दिसले किंवा फोड आला, तर पाय त्याच दिवशी काढून ठेवा आणि दाखवून घ्या. वडिलांना मधुमेह असेल आणि स्टंपची संवेदना कमी असेल, तर दुखण्याची वाट न पाहता रोज संध्याकाळी आरसा धरून टोक पाहत जा.