पाण्याचं बिल चौपट आलं म्हणून एफडी मोडायची का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी घर, घरात चार माणसं. तीन महिन्यांचं पाण्याचं बिल एरवी ६७५ रुपये यायचं, ते जुलै ते सप्टेंबरचं २,७९० रुपये आलं. मुंबईचा मुलगा म्हणतो, दोन लाखांची एफडी मोडा, बोअर मारा आणि ही कटकट एकदाची संपवा. बोअरवाल्याने पंपासकट १,८०,००० सांगितलेत. एफडी यजमानांच्या निवृत्तीच्या पैशातली, ७ टक्क्यांची, दर तिमाहीला ३,५०० रुपये व्याज हातात देणारी.

माझं उत्तर आधीच सांगते: एफडीला हात लावू नका. हे फुगलेलं बिल समजा कायम तेवढंच राहिलं, तरी तिमाहीचा जादा खर्च २,११५ रुपये, आणि एफडी मोडली की जाणारं व्याज ३,५०० रुपये. शिवाय मुदतीआधी मोडल्यावर बहुतेक बँका जितके दिवस ठेव राहिली तितक्याच मुदतीचा दर लावतात, त्यातूनही अर्धा-एक टक्का कापतात आणि आधी जास्त दिलेलं व्याज मुदलातून वळतं करतात. हा तोटा पत्करून तुम्ही जे दुखणं बरं करायला निघालात ते कशाचं आहे, हेच अजून कळलेलं नाही.

बिलावर पूर्वी ४५ युनिट असायचे, आता ११८. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. म्हणजे ७३,००० लिटर जादा. गणपतीला दहा दिवस नऊ चाकरमानी घरात होते, असं तुम्ही लिहिलंय. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्या हिशेबाने पाहुण्यांचे जेमतेम १२ युनिट झाले. माड-पोफळीचं शिंपण म्हणावं, तर भर पावसात कोण शिंपतं? उरलेले ६१ युनिट ९० दिवसांत वाटले तर रोजचे पावणेसातशे लिटर होतात. आपल्या घरात कोणी न वापरता रोज एवढं पाणी जातंय, आणि अंगण तीन महिने ओलंचिंब असल्यामुळे ते दिसलं नाही. आपल्याकडचा जांभा दगड तर पाणी असं पितो की वर ओलही येऊ देत नाही.

आता पत्राच्या शेवटचं तुमचं वाक्य. लाइटबिलाची तक्रार करताना तुम्ही सहज लिहिलंय की वरची हजार लिटरची टाकी भरायला पूर्वी दिवसाआड पंप लावायचो, आता रोज लावावा लागतो, कधी दोनदा. ताई, उत्तर तिथेच आहे. गळती मीटर आणि पंप ज्यातून पाणी वर चढवतो त्या खालच्या टाकीच्या मधे असती, तर खालची टाकी भरायला वेळ लागला असता, पण पंप वाढला नसता. पाणी वरच्या टाकीनंतर कुठेतरी जातंय.

म्हणून आज रात्री जेवणंखाणं उरकली की वरची टाकी भरा, पंप बंद करा, नळ सगळे बंद. कोरडी काठी टाकीच्या तळापर्यंत बुडवून ओल्या खुणेवर खडूने रेघ मारा. सहा तासांनी, कोणी उठायच्या आधी, पुन्हा काठी. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ९-१० लिटर. मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे सुतळीएवढी धार, गळत असेल तर पाणी जवळजवळ वीतभर उतरलेलं दिसेल. तेवढीच धार दिवसभरात ७२० लिटर नेते. तुमचा आकडा याच्या अगदी जवळ आहे.

माझा पहिला संशय संडासच्या फ्लशच्या टाकीवर. तिच्या तळाचं रबर आखडलं की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं. माझ्या आईच्या घरी हेच झालं होतं, आणि आम्ही महिनाभर नळ बदलत बसलो होतो. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका, नसेल तर अर्धी वाटी कोकमाचं आगळ. वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात गुलाबी ओघळ दिसला, तर काम काहीशे रुपयांच्या सुट्या भागाचं. दिसला नाही, तर दुसऱ्या रात्री फ्लशचा अँगल कॉक, म्हणजे त्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून काठीचा प्रयोग पुन्हा करा. तरीही पाणी उतरलं, तर जमिनीखालची जुनी लोखंडी लाइन कुजली असणार. ती उकरत बसू नका, नवी प्लॅस्टिकची लाइन भिंतीवरून उघडी न्या. त्यासाठी बचत खात्यातले पाच-सहा हजार बाजूला ठेवा.

बोअरबद्दल मुलाला एवढं विचारा: मे महिन्यात शेजारच्या विहिरींचं पाणी मचूळ लागतं का? खाडीजवळ खोलवर उपसा केला की खारं पाणी आत येतं, आणि असल्या पाण्यासाठी पावणेदोन लाख घालणं मला मुळीच पटत नाही. आणि तेच गळकं रबर बोअरच्या पाण्यावरही गळेल, वीज तुमची जळेल. घरामागच्या पडक्या विहिरीचा गाळ काढून संडास-बागेपुरता छोटा पंप बसवणं मला जास्त पटतं. पण तोही विचार उन्हाळ्यात, विहिरीला पाणी किती टिकतं ते बघून.

बिल मात्र थकवू नका, विलंब आकार चढतो. मीटरचा फोटो काढा, बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मागच्या बिलावर ‘सरासरी’, म्हणजे मीटर न वाचता अंदाजाने आकारलेलं, असं लिहिलेलं असेल, तर तेव्हाचे राहिलेले युनिटही या बिलात आले असतील. तसं असेल तर हे युनिट दोन्ही तिमाहींत विभागून आकारा, असा लेखी अर्ज द्या. तुमचा दर ५० युनिटपर्यंत १५ रुपये आणि पुढे ३० आहे, त्यामुळे विभागणीने फरक पडेल. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

दोन रात्रींची काठीची मापं मला कळवा, मग प्लंबरला नेमकं काय सांगायचं ते ठरवू.