कवडसा आणि कोमोरेबी

प्रश्न : ज्यांना मराठीत नेमका एक प्रतिशब्द सापडत नाही, असे काही परकीय शब्द सांगाल का? त्यांचे भाषांतर खरोखरच अशक्य असते का?

उत्तर : भाषांतर होते, फक्त एका शब्दासाठी कधी कधी अख्खे वाक्य खर्ची घालावे लागते. जपानीतील ‘कोमोरेबी’ हा माझा विशेष आवडता शब्द. ‘को’ म्हणजे झाड, ‘मोरे’ म्हणजे झिरपणे आणि ‘बी’ म्हणजे ऊन (मूळ शब्द ‘ही’, समासात त्याचा ‘बी’ होतो). म्हणजेच पानांच्या जाळीतून झिरपणारे आणि वाऱ्यासरशी जमिनीवर हलणारे ऊन. आपला ‘कवडसा’ याच्या अगदी जवळ जातो, पण कवडसा छपराच्या फटीतूनही पडतो, कोमोरेबीला मात्र झाड हवेच.

पुस्तके आणून न वाचताच त्यांची चळत रचत जाण्याला त्याच भाषेत ‘त्सुंदोकु’ म्हणतात. ‘त्सुंदे ओकु’ म्हणजे रचून ठेवणे आणि ‘दोकु’ म्हणजे वाचन, यांवर साधलेला हा सुरेख श्लेष मेइजी काळातला, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांतला आहे.

जर्मन ‘ट्रेपेनविट्झ’चा शब्दशः अर्थ जिन्यातली हजरजबाबी, वाद संपवून जिना उतरताना बिनतोड उत्तर सुचते, ते हे. जॉर्जियन भाषेतील ‘शेमोमेचामा’ हे तर एकच क्रियापद, पण त्यात ‘खायचे नव्हते, तरी माझ्याकडून सगळे खाल्ले गेले’ एवढे सामावते. आपले ‘खाल्ले गेले’ हे रूप त्याच्या बरेच जवळचे आहे.