मुख्य वीज गेल्यावर स्क्रीन किती वेळ चालेल?

प्रश्न : आमच्या चार आसनी विमानात वेग, उंची आणि कल दाखवणाऱ्या स्क्रीनसाठी १२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी राखीव म्हणून बसवली आहे. भार २.५ अँपिअर. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बंद पडला तर दोन तास मिळतील ना?

उत्तर : दोन तास मुळीच धरू नका. लेबलवरची ५ अँपिअर-अवर क्षमता बॅटरी २० तासांत, म्हणजे ०.२५ अँपिअरने रिकामी केली तर मिळते. तुमचा भार दहापट आहे. तिथे साधारण दोन तृतीयांशच हाती लागतं. जुनी होऊन क्षमता ८० टक्क्यांवर आली की उरतात जेमतेम ६५ मिनिटं, थंडीत आणखी कमी.

खरा आकडा मोजूनच कळतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, जमिनीवर मुख्य स्विच बंद ठेवून स्क्रीन राखीव बॅटरीवर चालवा आणि व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंतची वेळ नोंदवा. त्याखाली नेऊ नका, प्लेट खराब होतात. हे दरवर्षी करा. ही वेळ नव्या बॅटरीच्या वेळेच्या ८० टक्क्यांहून कमी भरली तर बॅटरी बदला. भार नसताना दिसणाऱ्या १२.८ व्होल्टवर विसंबू नका, थकलेली बॅटरीही तेवढे दाखवते.

चार्जिंगच्या वायरमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे का, हेही पाहा. नसेल तर अल्टरनेटर बंद पडताच रेडिओ, दिवे, पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ जमू न देणारा) सगळे याच बॅटरीतून वीज ओढतील आणि स्क्रीनसाठी काही उरणार नाही. डायोड शॉट्की प्रकारचा, म्हणजे कमी व्होल्टेज खाणारा हवा. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट जातात, त्यामुळे छोट्या उड्डाणांत बॅटरी अर्धवटच भरते. राखीव बॅटरीची अर्थिंगची वायरही वेगळी असावी; मुख्य आणि राखीव दोन्हींची एकच असेल आणि तीच सुटली, तर दोन्ही पुरवठे एकदम जातात. वायरिंगमधले बदल परवानाधारक इंजिनिअरकडूनच करून घ्या.

प्रश्न : इंजिन सुरू करताना स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होते. बिघाड आहे का?

उत्तर : स्टार्टर फिरताना मुख्य बॅटरीचं व्होल्टेज ८-९ पर्यंत उतरू शकतं, म्हणून तसं होतं. आधी राखीव स्विच लावा, मग स्टार्टर फिरवा. तरीही स्क्रीन गेली तर राखीव पुरवठा तिच्यापर्यंत पोचत नाही असं समजा आणि फ्यूज, स्विच, कनेक्टर तपासल्याशिवाय उड्डाण करू नका. उतरल्यावर हा स्विच आठवणीने बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरी रिकामीच सापडेल.