डोंगरात तीन बोटांचे ठसे दिसले तर?

प्रश्न: ट्रेकला एका तिरक्या कातळावर तीन बोटांसारखे खळगे दिसले, एकामागे एक. डायनोसॉरचे असतील का? आणि एवढ्या उभ्या कातळावर प्राणी चालला कसा? पुढच्या वेळी प्लास्टर नेऊन साचा काढू का?

उत्तर: साचा अजिबात काढू नका, बाकी सगळं नंतर. प्लास्टर काढताना ठशाची बारीक कड सोबत उचकटून येते आणि ती परत कधीच मिळत नाही. खडूने रेघा ओढणं, घासून साफ करणं पण नको.

प्राणी भिंतीवर चढलाच नव्हता हो! तो पाण्याकाठच्या सपाट चिखलातून गेला, चिखल सुकला, वर गाळ बसत गेला, त्याचा दगड झाला आणि पुढे डोंगर वर उचलले गेले तेव्हा ते थर तिरके झाले. बोलिव्हियात सुक्रे शहराजवळ ‘काल ऑर्को’ नावाच्या ठिकाणी सिमेंटच्या खाणीत अशी भिंत उघडी पडली, एक किलोमीटरहून लांब, ७० अंशांपेक्षा जास्त तिरकी, आणि तिच्यावर हजारो ठसे. फोटो बघितला तरी अंगावर काटा येतो.

आता तुमचे खळगे. एकटा खळगा काहीच सिद्ध करत नाही, पाणीसुद्धा दगड तसा कोरतं. डावा-उजवा-डावा अशी रांग आहे का, अंतर साधारण सारखं आहे का, कडेला चिखल दाबून वर आल्यासारखा उंचवटा आहे का ते बघा, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात जे उठून दिसतं ते दुपारी गायब होतं. शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो घ्या, मग चहूबाजूंनी, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग येईल असे, म्हणजे त्यातून थ्रीडी मॉडेल बनवता येतं. जीपीएस लोकेशन आणि रांगेची दिशा लिहून ठेवा. एका ठशाची लांबी आणि एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर पण मोजा, कारण ठशाच्या लांबीच्या साधारण चौपट उंचीवर कंबर धरतात आणि त्यावरून चालण्याच्या वेगाचा अंदाज काढतात.

प्राण्याचं नाव मात्र लिहू नका. स्विस आल्प्समध्ये एमोसॉनजवळ १९७६ मध्ये सापडलेले ठसे कित्येक वर्षं डायनोसॉरचे म्हणून ओळखले जात होते, नंतरच्या अभ्यासात ते मगरींच्या कुळाजवळच्या जुन्या प्राण्यांचे निघाले. मला तर ते तेवढेच भारी वाटतात.

सगळं जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला नाहीतर म्युझियमला पाठवा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, असे ठसे लोक छिन्नीने काढून नेतात.