तब्येत ठीक, मग जादा हप्ता का?

प्रश्न : आयुर्विम्यासाठी वैद्यकीय तपासणी झाली. कंपनी म्हणते, ‘अंडररायटिंगमध्ये जादा हप्ता बसला.’ म्हणजे काय?

उत्तर : तुमची जोखीम घ्यायची का, घ्यायची तर किती हप्त्याला आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणं म्हणजे अंडररायटिंग. आयुर्विम्यात ते बहुतेक वेळा गुणांवर चालतं. त्या वयाच्या सर्वसाधारण निरोगी माणसाची जोखीम 100 धरतात. समजा, वजनाचे 50 आणि रक्तदाबाचे 25 गुण चढले, तर बेरीज 175. म्हणजे मृत्यूची जोखीम पाऊणपट जास्त. जादा आकारणी हप्त्यातल्या जोखमीच्या भागावर होते, त्यामुळे बचतीच्या पॉलिसीत एकूण हप्ता तेवढा वाढत नाही. बेरीज फारच चढली तर अर्ज नाकारतात. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर काही महिने थांबायला सांगतात. कमाईच्या मानाने विमा रक्कम अवाच्या सवा असेल, तर धडधाकट माणसाचाही अर्ज अडतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून काही साधत नाही. एचबीएवनसी ही रक्तचाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, आणि निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या, लघवीत उतरणाऱ्या कोटिनिनवरून तंबाखू कळते. रक्तदाबाची गोळी लपवून पॉलिसी मिळेलही. पण दाव्याच्या वेळी जुने केसपेपर निघतात आणि पैसे अडकतात ते घरच्यांचे. एजंटने भरलेला अर्ज सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा. आजारांच्या रकान्यांत सरसकट ‘नाही’ लिहिलेलं असतं, घात तिथेच होतो.

जादा हप्त्याचं कारण लेखी मागा. रक्तदाब त्या एका दिवशीच चढलेला असेल, तर फेरतपासणीची विनंती करा. पुढे वजन उतरलं, तर आकारणीचा फेरविचार होईल का, हेही विचारून ठेवा.

प्रश्न : शेअर विक्रीतला अंडररायटर कोण?

उत्तर : तिथे जोखीम शेअर न खपण्याची. कंपनीने 1,00,000 शेअर काढले आणि 80,000 साठीच अर्ज आले, तर उरलेले 20,000 हमी घेणाऱ्याने, म्हणजे अंडररायटरने, ठरलेल्या किमतीला घ्यायचे. त्याचं कमिशन हमीच्या पूर्ण रकमेवर असतं. सगळे शेअर खपले तरी ते मिळतं. ‘जमतील तेवढे विकून देऊ’ एवढाच करार असेल, तर न खपलेले शेअर कंपनीच्याच गळ्यात राहतात. माहितीपत्रकात कोणता करार आहे ते जरूर पाहा. ही हमी कंपनीला असते, गुंतवणूकदाराला तिचं कवच नाही. उलट अंडररायटरकडे मोठा साठा पडून राहिला, तर तो पुढे बाजारात येतो आणि भाव दाबतो.