फ्लॅग पडण्याआधीची बावीस मिनिटं

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. तुझ्याकडे वजीर, समोर नुसता राजा आणि एक प्यादं, आणि फ्लॅग पडला, म्हणजे घड्याळातली वेळ संपली, ती तुझी. पंचांनी अन्याय केला असं घरी सगळ्यांना वाटतंय, म्हणून आधी नियमाचं बोलू.

अन्याय झालेला नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांप्रमाणे वेळ संपली की डाव गेला. सूट एकच: कुठल्याही वैध चाली खेळून समोरच्याला तुझ्या राजावर मात करणं शक्यच नसेल, तर बरोबरी. त्याचा राजा एकटा उरला असता तर अर्धा गुण तुझा होता. पण प्यादं होतं, आणि प्याद्याचा वजीर होऊ शकतो. तुझ्या वजिरासमोर ते एक घरही सरकलं नसतं, हे खरं. पण पंच तसा विचार करत नाहीत, करूही नये. तेव्हा शेवटच्या सेकंदांत मात शोधत बसू नकोस. आधी ते प्यादं खा. मग घड्याळामुळे तू हरूच शकत नाहीस.

आता मला खटकलेली गोष्ट. चौदाव्या चालीला तू बावीस मिनिटं घेतलीस. कशासाठी? उंट कुठे ठेवायचा यासाठी! दोन्ही घरं चांगली होती. डाव तिथे गेला. ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद, एवढ्यात तिसाव्या चालीनंतर तू फक्त त्या ३० सेकंदांवर जगत होतीस. त्यातच विचार, चाल, घड्याळ दाबणं आणि चाल लिहिणं. पाच मिनिटांच्या आत आलं की लिहिणं थांबवता येतं, ती सवलत ३० सेकंदांचं इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारी जादा वेळ) असताना मिळत नाही, हे विसरू नकोस.

मोठ्यांचंही असंच होतं. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२४ला टोरांटोत कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, खेळला, तिथे पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती आणि तोवर जादा सेकंद एकही नाही. त्याच वर्षी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीतही तीच वेळ होती. तिसऱ्या डावात गुकेशसमोर तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याचा फ्लॅग ३७व्या चालीला पडला. पण पट आधीच हरलेला होता. सुरुवातीलाच घड्याळ रिकामं झालं की पुढच्या अवघड चालींना द्यायला काही उरत नाही.

पुण्याच्या स्पर्धेत एक कर. चाली लिहायच्या स्कोअरशीटवर दर पाचव्या चालीशेजारी उरलेली मिनिटं लिही. नियमात ते बसतं. वजिरावजिरी (दोघांचे वजीर मारून बदलणं) करायची का, मधलं प्यादं पुढे ढकलायचं का, मारामारीनंतर उरणारा शेवट कोणाचा, इथे खुशाल पंधरा मिनिटं घे. दोन चाली सारख्याच वाटल्या तर पहिली सुचलेली खेळ आणि उठून पाणी पिऊन ये.

आणि रात्री मोबाइलवर एक-एक मिनिटाचे डाव बंद. त्याने हात चपळ होतो, पण वेळ कुठे खर्चायची हे त्यातून मुळीच कळत नाही. (माझं हे मत तुझ्या मित्रांना पटणार नाही, ठाऊक आहे.)

सोमवारी कॉलेज रोडवर भेटू. पुण्याच्या सगळ्या शीट घेऊन ये, जिंकलेल्याही.

तुझे सर