वकील नसताना भारतात नोटरी होता येते का?

अमेरिकेत दुकानदार किंवा बँकेतील कर्मचारीही नोटरी असतो, मग भारतात वकिलीची अट का, असे आपण विचारले आहे.

नोटरी अधिनियम, 1952 आणि त्याखालील 1956 च्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे किमान 10 वर्षे वकिली केलेली व्यक्तीच अर्ज करू शकते. महिला तसेच अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय वकिलांसाठी ही मुदत 7 वर्षे आहे. प्रमाणपत्र 5 वर्षांचे असते व त्याचे नूतनीकरण करावे लागते. अमेरिकेतील नोटरी मुख्यतः सही करणाऱ्याची ओळख पटवतो, त्यामुळे बहुतेक राज्यांत कायद्याची पदवी लागत नाही. जर्मनीत मात्र घरविक्रीचा करार नोटरीसमोर झाल्याशिवाय वैधच ठरत नाही आणि नोटरी तो मसुदा पक्षकारांना प्रत्यक्ष वाचून दाखवतो.

आपल्याकडे या उलट गैरसमज फार: शंभराच्या मुद्रांकावर गोल शिक्का उमटला की फ्लॅट नावावर झाला, असे लोक खुशाल समजतात, वास्तविक मालकी हस्तांतरित होण्यासाठी खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. गोव्यात पोर्तुगीज परंपरेमुळे वारसाहक्काचे दस्त विशेष नोटरीसमोर होतात, हा देशातील लक्षणीय अपवाद आहे.